गस्तीची बोट आणि चोरीची बोट, दोन्ही एकाच सुताराच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: मासेमारीतल्या चोरीवर नजर ठेवणारी पहिली लाकडी गस्ती नौका कोणती? लोखंडी जहाजं निघाल्यावरही सरकारं लाकडी बोटीच का वापरत राहिली? आणि विचारणारे नौकाबांधणी शिकत असल्यामुळे तिसरा भाग असा, की एखाद्या बोटीची प्रतिकृती करायची तर कोणती करावी?

मासेमारी नियमनाच्या गस्तीवर मी कोकण किनाऱ्यावर बरीच वर्षं काढली आहेत. त्यामुळे इतिहासातली बोट वाचतानाही माझं लक्ष आधी तिचा वेग, तिची बूड आणि तिच्यावरच्या माणसांकडे जातं. उत्तरही त्याच अंगाने देतो.

'पहिली कोणती' यावर पैज लावू नका. राजे-महाराजे आपापल्या आरमाराच्या बोटी मासेमारांच्या मागे फार पूर्वीपासून पाठवत आले आहेत. पण मासेमारीचा कायदा राबवणं एवढंच काम असलेली बोट, तीही सरकारी पगारावरच्या माणसांसह, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची. कॅनडात सेंट लॉरेन्सच्या आखातात १८५२ पासून पियेर फोर्तँ नावाचे डॉक्टर दंडाधिकारी म्हणून फिरत होते. त्यांची 'ला कॅनाडिएन' ही शिडाची स्कूनर त्या भागात प्रसिद्ध होती. दंडाधिकारीच बोटीवर असल्यामुळे बंदरावर नांगर टाकायचा, तक्रार ऐकायची आणि तिथल्या तिथे निकाल द्यायचा, अशी सोय होती. आपल्याकडे बोट पकडल्यावर पंचनामा, प्रतिवेदन आणि सुनावणीच्या तारखा यांत किती काळ जातो हे ज्याने पाहिलंय, त्याला फोर्तँ यांचा हेवा वाटल्याशिवाय राहणार नाही. शिवाय गृहस्थ हौशी निसर्ग अभ्यासक होते. वार्षिक अहवालात दंडाच्या हिशोबाबरोबर आखातातल्या माशांची वर्णनंही लिहीत.

तरी तुमच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, चेसापीकच्या उपसागरात. तिथे १८६८ मध्ये मेरीलँड राज्याने कालवांच्या रक्षणासाठी एक पोलीस दलच उभं केलं. लोक त्याला 'ऑयस्टर नेव्ही', म्हणजे कालवांचं आरमार म्हणत. मेरीलँडचं आजचं नैसर्गिक संपत्ती पोलीस दल आपली सुरुवात त्याच वर्षापासून मोजतं.

कालवांसाठी आरमार हे ऐकून आपल्याकडे हसू येईल. कोकणात कालवं म्हणजे ओहोटीला बायका कोयती घेऊन खडकावर बसतात आणि टोपलीभर काढून आणतात. चेसापीकचा हिशोब वेगळा. मुंबई ते मालवण सरळ रेषेत जेवढं अंतर, साधारण तेवढी या उपसागराची लांबी, म्हणजे ३२० किलोमीटरच्या आसपास. पण सरासरी खोली जेमतेम एकवीस फूट. असंख्य नद्या त्यात गोडं पाणी आणून ओततात. अशा उथळ मचूळ पाण्यात कालवांची बेटंच्या बेटं, म्हणजे तळावरचे थरच्या थर, वाढली होती. बाल्टिमोरला ती डबाबंद करण्याचे कारखाने निघाले. १८६६ मध्ये क्रिसफील्डपर्यंत रेल्वे पोचली आणि बर्फात घातलेली कालवं देशभर जाऊ लागली. ते गाव अक्षरशः शिंपल्यांच्या भरावावर उभं राहिलं आहे. १८८४-८५ च्या हंगामात एकट्या मेरीलँडमधून दीड कोटी बुशेल कालवं निघाली. एक बुशेल म्हणजे साधारण पस्तीस लिटरचं माप. एवढा पैसा पाण्याखाली पडलेला असल्यावर चोर आणि शिपाई दोघंही येणारच.

भांडण दोन तऱ्हेच्या मासेमारांमधलं होतं. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात काम करणारे लोक लांब दांड्यांच्या चिमट्यांनी कालवं उचलत. दोन लांबलचक काठ्या कात्रीसारख्या मधे जोडलेल्या आणि खाली लोखंडी दात, असं ते अवजार. एक माणूस, एक होडी आणि दिवसभर कंबर मोडेपर्यंत उचल. दुसरे होते ड्रेजवाले. दात असलेली लोखंडी चौकट, मागे साखळीची जाळी, ती तळावरून ओढायची आणि हाताने फिरवायच्या रहाटाने वर घ्यायची. एका फेरीत चिमट्यापेक्षा कितीतरी जास्त माल वर येई आणि तळ खरवडून निघे. उत्तरेच्या न्यू इंग्लंड राज्यांनी याच पद्धतीने आपली बेटं संपवली आणि मग त्यांच्या बोटी दक्षिणेला चेसापीकमध्ये उतरल्या. व्हर्जिनियाने १८११ मध्ये आणि मेरीलँडने १८२० मध्ये ड्रेजवर बंदी घातली. बंदीचा कागद होता, राबवायला बोट नव्हती. पर्ससीन, म्हणजे माशांचा थवा घेरून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्याच्या बोटी, आणि पारंपरिक मासेमार यांचा वाद ज्यांनी हर्णैला किंवा मालवणला जवळून पाहिलाय, त्यांना यापुढची गोष्ट सांगायची फारशी गरज नाही.

१८६५ मध्ये मेरीलँडने माघार घेऊन मधला मार्ग काढला. परवाना घ्या, ठरलेल्या खोल पाण्यात ड्रेज चालवा, पण बोट शिडाचीच हवी, वाफेचं इंजिन लावून ड्रेज ओढायचा नाही. हे कलम नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या शंभर वर्षांच्या नौकाबांधणीवर त्याचा ठसा आहे. इंजिनाच्या जमान्यातही तिथे शिडाच्या लाकडी बोटी बांधल्या जात राहिल्या त्या हौसेने नव्हे, या कायद्यामुळे. १९६७ मध्ये कुठे आठवड्यातले दोन दिवस मागून ढकलणाऱ्या मोटरहोडीला परवानगी मिळाली.

कायदा झाला आणि तीन वर्षांनी दल आलं. त्याचा पहिला प्रमुख हंटर डेव्हिडसन. हा गडी साधा नव्हता. अमेरिकेच्या यादवी युद्धात तो दक्षिणेच्या आरमारात होता, 'व्हर्जिनिया' या चिलखती जहाजावर लढला होता आणि नंतर पाणसुरुंगांचं खातं त्याने चालवलं. 'स्क्विब' नावाच्या छोट्या बोटीतून १८६४ मध्ये त्याने उत्तरेच्या 'मिनेसोटा' या मोठ्या जहाजावर सुरुंग लावण्याचा धाडसी हल्लाही केला होता. युद्ध हरल्यावर असा माणूस कालवांच्या चोरांमागे लावणं ही मेरीलँडची अक्कलहुशारी. त्याच्या दिमतीला 'लीला' नावाची वाफेची छोटी बोट आणि तिच्यावर बारा पौंडी तोफ. पुढे दल वाढलं तेव्हा जिल्ह्या-जिल्ह्यासाठी शिडाच्या स्लूप (एका डोलकाठीच्या) आणि स्कूनर (दोन डोलकाठ्यांच्या) आल्या. तुमच्या प्रश्नातल्या लाकडी गस्ती नौका म्हणजे या.

या बोटी सरकारने काही वेगळ्या नकाशावरून बांधल्या असं समजू नका. शोधायला जाल तर 'पोलिसी नमुना' असा काही सापडणार नाही. उपसागराच्या काठी जे सुतार ड्रेजवाल्यांच्या बोटी बांधत, त्यांच्याच घडणीच्या या बोटी. तोच ओकचा सांगाडा, त्याच पाईनच्या फळ्या, तीच बूड. फरक एवढाच की रहाटाच्या जागी बंदुका आणि मागे सरकारी निशाण. म्हणून मी म्हणतो, गस्ती नौकेचा इतिहास शोधायचा तर ती ज्यांच्या मागे धावते त्यांच्या बोटींचा इतिहास आधी वाचा. सरकार क्वचितच नवी बोट शोधून काढतं. समोरच्याची बोट बघतं आणि तशीच एक घेतं.

त्याला कारण होतं. उथळ पाण्यात बूड किती खोल जाते यावर सगळं ठरतं. त्या भागातल्या जुन्या स्कूनरी, ज्यांना 'पंगी' म्हणत, बुडाला खोल असायच्या. मोकळ्या पाण्यात वेगवान, पण नदीच्या तोंडाशी अडायच्या. मग ड्रेजवाल्यांनी सुतारांकडून 'बगाय' करून घेतली. तिची बूड फळ्यांची नव्हे, ओंडक्यांची. पाईनचे जाड ओंडके बाहेरून घासून आकार द्यायचा, शेजारी शेजारी लोखंडी सळ्यांनी जोडायचे आणि मग आतून कोरायचे. मेरीलँडमध्ये सेंट मायकल्सच्या सागरी संग्रहालयात 'एडना लॉकवुड' नावाची १८८९ ची बगाय अजून पाण्यावर आहे. टिल्गमन बेटावर जॉन हॅरिसनने ती बांधली, नऊ ओंडके जोडून. २०१६ ते २०१८ या काळात संग्रहालयाच्या सुतारांनी तिची बूड पुन्हा नऊ नव्या ओंडक्यांनीच बदलली. अशा बुडात वाकांची, म्हणजे आतल्या बरगड्यांची, गरज कमी, कारण ओंडके स्वतःच सांगाडा. मधोमध खिडकीसारखी फट ठेवून तिच्यातून वरखाली होणारी फळी सोडलेली. खोल पाण्यात फळी खाली सोडली की बोट वाऱ्याला तिरकी धरते, वाळूच्या पट्ट्यावर आली की फळी वर ओढायची आणि तीन-साडेतीन फूट पाण्यातून निसटायचं.

आता पोलिसांच्या जागी उभं राहून बघा. काळोखी रात्र, जानेवारीतली थंडी, दोरांवर बर्फ. ड्रेजवाला दिवे मालवून चिमटेवाल्यांच्या पाण्यात शिरलाय. तुमची बोट त्याच्यापेक्षा फूटभर खोल असली तर तुम्ही वाळूवर बसणार आणि तो हात हलवत जाणार. तुमचं शीड त्याच्या शिडाएवढंच आहे, वारा दोघांना एकच. त्याच्या बोटीवर रहाट फिरवायला आठ-दहा माणसं, तुमच्याकडे त्याहून कमी. वर त्याला एक मोठी सवलत, मेरीलँडचे पोलीस मागे लागले तर व्हर्जिनियाच्या हद्दीत शिरायचं आणि व्हर्जिनियाचे लागले तर उलट. पकडलाच, तरी ड्रेज पाण्याबाहेर घेऊन 'आम्ही नुसते चाललो होतो' म्हणायला तो मोकळा. तेव्हा खरा तपास डेकवर होतो. ड्रेज ज्या रुळावरून आत येतो तो ओला आहे का, त्यावरचा चिखल ताजा आहे का, शिंपल्यांच्या ढिगात वरची कालवं थेंब गाळताहेत का. आमच्याकडे प्रखर दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या बेकायदा बोटींवर याच जागी जनरेटरवर हात ठेवून बघायचं. दिवे समुद्रात फेकले किंवा जाळ्याखाली दडवले तरी लोखंड लगेच थंड होत नाही.

ड्रेजवरच्या माणसांबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण गस्तीच्या कथांमध्ये ती नेहमी गाळली जातात. रहाट फिरवायला बाल्टिमोरच्या धक्क्यावरून नुकत्याच उतरलेल्या जर्मन, आयरिश माणसांना दारू पाजून किंवा खोटं सांगून बोटीवर चढवत. हंगामभर गोठलेल्या हातांनी काम आणि शेवटी पगाराच्या वेळी शिडाच्या आडव्या दांड्याचा एक झोका देऊन माणूस पाण्यात. याला तिथे 'दांड्याने पगार चुकता करणं' असं म्हणायचे. पोलिसी बोटीवरून गोळी सुटे तेव्हा समोर नाखवा एक आणि असे कोंडलेले बरेच.

डेव्हिडसनने दोन-चार वर्षं जोर लावला. कालवांच्या स्थितीवर त्याने विधिमंडळाला दिलेला १८७० चा अहवाल नुसता पोलिसी नाही, बेटं संपत चालली आहेत असा त्यात इशारा आहे. ड्रेजवाल्यांना तो इतका झोंबला की १८७१ मध्ये गस राईस नावाच्या नाखव्याने त्याला ठार मारायचा प्रयत्न केला. डेव्हिडसन वाचला, पण लवकरच नोकरी सोडून अर्जेंटिनाच्या आरमारात गेला. मागे राहिलेल्या दलात नेमणुका राजकीय वशिल्याने होऊ लागल्या. सरकार बदललं की बोटीचा तांडेल बदलायचा. उत्तम बोटीचं याने जेवढं नुकसान होतं तेवढं लाकूड पोखरणाऱ्या जहाजी अळीनेही होत नाही.

शेजारच्या व्हर्जिनियात तर गव्हर्नर स्वतःच निघाले. विल्यम कॅमेरॉन यांनी फेब्रुवारी १८८२ मध्ये भाड्याच्या बोटी घेऊन, त्यावर सैनिक चढवून रॅपाहॅनॉक नदीच्या मुखाशी छापा टाकला आणि सात बोटी पकडून आणल्या. गावोगाव जयजयकार झाला. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा तोच प्रयोग केला आणि पार फजिती झाली. 'डान्सिंग मॉली' नावाची एक बोट त्यांच्या डोळ्यांदेखत निसटली. तिचे पुरुष किनाऱ्यावर गेलेले होते आणि नाखव्याच्या बायको-मुलींनीच शिडं चढवून तिला मेरीलँडच्या पाण्यात नेलं, अशी हकीकत सांगतात. भाड्याने घेतलेल्या टगांवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटींवर, सैनिक चढवले म्हणून गस्त होत नाही. त्या पाण्यात लहानपणापासून वाढलेली माणसं शिडांच्या दोराशी लागतात, आणि ती सगळी समोरच्या बोटीवर होती.

लोखंड आलं ते इथे. १८८४ मध्ये मेरीलँडने फिलाडेल्फियाच्या नीफी अँड लेव्ही यार्डातून 'गव्हर्नर मॅक्लेन' ही लोखंडी बोट बांधून घेतली, एकशे तेरा फूट लांब, वाफेवर चालणारी. तिचा खरा उपयोग कळला डिसेंबर १८८८ मध्ये. चेस्टर नदीच्या तोंडाशी ड्रेजवाल्यांचा तांडा दंगा घालत होता. त्यातल्याच गस राईसने 'कॉर्सिका' नावाच्या प्रवासी बोटीला पोलिसांची समजून तिच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. उतारूंवर गोळीबार म्हटल्यावर सरकारला हलावंच लागलं. मॅक्लेनचा कप्तान हॉवर्ड तिथे पोचला तेव्हा ड्रेजवाल्यांनी बोटी एकमेकींना बांधून तट केला होता. तोफेने काम होईना. तेव्हा त्याने बोट मागे घेतली, पूर्ण वाफ दिली आणि सरळ त्यांच्या अंगावर घातली. दोन लाकडी बोटी फुटून बुडाल्या. तळाशी कोंडलेले काही रहाटवाले त्यांच्याबरोबर गेले, असं म्हणतात.

तेव्हा 'लोखंड असताना लाकूड का' याचं उत्तर इथूनच सुरू करतो. लोखंडाचा मोठेपणा धडकेत दिसला, रोजच्या गस्तीत नाही. एकशे तेरा फुटी जहाज ओढ्यात शिरत नाही. बॉयलर तापवायला वेळ लागतो आणि धूर मैलभरावरून दिसतो. अशी बोट उपसागरात एक-दोनच परवडतात, ती आज इथे असेल तर उरलेला शेकडो मैलांचा काठ मोकळा. लाकडी स्लूप मात्र जिल्ह्याच्या बंदरात पडून राहते, तिथलाच सुतार तिची फळी बदलतो, तिथलाच दोरवाला दोर देतो. तळावर आपटली तर फटींत कापूस ठोसून, डांबर लावून दुसऱ्या दिवशी पाण्यात. आपल्या बाजूला साग, ऐन, उंडी यांच्या बोटी चालवणाऱ्यांना हे मुद्दाम सांगायला नको. लोखंडी पत्रा चेपला तर जो यार्ड लागतो तो गावात नसतो.

लाकडाचे तोटेही होते. पहिला बर्फाचा. उपसागर काही हिवाळ्यांत गोठतो आणि पातळ बर्फाची धार पाण्याच्या रेषेवरच्या फळ्या झिजवते. म्हणून हिवाळ्यात काम करणाऱ्या बोटींना नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, पत्रा ठोकतात. दुसरा तोफेचा. बारा पौंडी म्हणजे गोळ्याचं वजन, तोफ स्वतः शेकडो किलोंची. ती नुसती डेकवर ठेवली तर दोन-चार बारांत फळ्यांचे सांधे उघडतात. तिच्याखाली आडव्या तुळया वाढवाव्या लागतात आणि त्या सरळ कण्यापर्यंत टेकवाव्या लागतात. प्रतिकृती करताना हे विसरू नका, बाहेरून दिसत नसलं तरी. तिसरा तोटा जहाजी अळीचा, पण तो खाऱ्या पाण्याकडच्या भागात. वरच्या अंगाला पाणी गोडसर, तिथे अळीचा त्रास कमी.

मेरीलँडचं दल चालू राहिलं, कालवं मात्र उतरत गेली. १८९० मध्ये अडीच इंचाखालचं कालव परत टाका असा कायदा झाला. विसाव्या शतकात शिडाच्या जागी मोटर आली, तरी लाकडी बूड बराच काळ टिकली. दोन राज्यांमधल्या पोटोमॅक नदीवरचा गोळीबार तर दुसऱ्या महायुद्धानंतरही थांबला नव्हता. १९५९ मध्ये मेरीलँडच्या पोलिसांच्या गोळीने व्हर्जिनियातला एक माणूस मेला, त्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या सहीने नदीसाठी दोन्ही राज्यांचा एकत्र आयोग झाला आणि प्रकरण मिटलं. जे तोफेने झालं नाही ते हद्दीचा प्रश्न सोडवल्यावर झालं.

दुसरं उदाहरण अलास्काचं देतो, कारण तिथे हाच मुद्दा वेगळ्या रीतीने पुढे येतो. अमेरिकेच्या केंद्रीय मत्स्य विभागाकडे अलास्कातल्या सामन मासेमारीचं नियमन होतं, पण स्वतःची गस्ती बोट नव्हती. निरीक्षकाला एका कारखान्याहून दुसऱ्याकडे जायचं तर तो डबाबंद सामनच्या कारखान्यांच्याच बोटींवर बसून जायचा. म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याच बोटीत, त्यांच्याच वेळापत्रकाने, बहुधा त्यांच्याच टेबलावर जेवून. १९१३ मध्ये विभागाने अखेर पहिली गस्ती बोट घेतली. कोणती? 'विगवॅम' नावाची, कारखान्याचीच मासे वाहणारी जुनी बोट. तिचं नाव बदलून 'ऑस्प्रे' ठेवलं. पुन्हा तेच, समोरच्याची बोट. १९१७ मध्ये 'ऑकलेट' आणि 'मर' या बहिणी आल्या, पुढे 'ब्रँट', 'टील' वगैरे. बहुतेकांना पक्ष्यांची नावं.

तिथलं काम समजायला १९२४ चा व्हाईट कायदा पुरेसा आहे. शनिवारी संध्याकाळी सहापासून सोमवारी सकाळी सहापर्यंत छत्तीस तास मासेमारी बंद, म्हणजे तेवढे मासे नदीत वर चढतील. मोठे कारखाने खांब रोवून किंवा ओंडक्यांवर तरंगते असे प्रचंड सापळे लावत. छत्तीस तास त्या सापळ्याचं तोंड बंद आहे की नाही हे बघायला कोणीतरी प्रत्यक्ष जवळ जायला हवं. म्हणून गस्ती बोटीचा सगळ्यात धावपळीचा दिवस रविवार. सापळ्याशेजारी लावायची, माणूस फळीवर उतरवायचा, जाळीचं तोंड तपासायचं, पुढच्या सापळ्याकडे. दोन सापळ्यांमध्ये कित्येक मैलांची खाडी. या कामाला वेगापेक्षा भक्कम बूड आणि आठवडाभर राहता येईल अशी केबिन हवी, आणि लाकडी मासेमार बोटींमध्ये ती होतीच. रात्री सापळे लुटणारे चाचे वेगळेच. ते पहारेकऱ्याला पैसे देऊन किंवा धमकावून मासे उपसायचे आणि कारखान्यांनाच विकायचे. १९५९ मध्ये अलास्का राज्य झालं आणि सापळ्यांवर बंदी आली.

याच घराण्यातली एक बोट १९५० पर्यंत खाली आली. 'जॉन एन. कॉब' हे त्र्याण्णव फुटी लाकडी संशोधन जहाज, टकोमाच्या वेस्टर्न बोट बिल्डिंग यार्डातलं. हे यार्ड पर्ससीन बोटींसाठी नावाजलेलं. ती गस्तीची नव्हती, पण मासेमारीवर काम करणारी सरकारी बोट मासेमारांच्याच यार्डातून निघते हे सूत्र तिच्यातही दिसतं. २००८ मध्ये ती निवृत्त झाली.

आपल्याकडे काय? महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. बारा सागरी मैलांच्या आतलं पाणी राज्याचं. गस्तीसाठी बोटी बराच काळ भाड्यानेच घेतल्या गेल्या, बहुतेक वेळा ट्रॉलर, मालक आणि खलाशी स्थानिक. यात वाईटच सगळं असं मी म्हणणार नाही. तांडेलला प्रत्येक खडक माहीत असतो, दुरून बोटीची चाल बघून ती कोणत्या बंदराची हे तो सांगतो, आणि जाळं ओढताना बोट कशी मान टाकते ते त्याला दुर्बिणीशिवाय कळतं. पण गस्तीला निघणार ही बातमी धक्क्यावर डिझेल भरतानाच पसरते आणि ट्रॉलरच्या वेगाने इंजिन वाढवलेली पर्ससीन गाठता येत नाही. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोन उडू लागले आहेत. ड्रोन बोटीचा नंबर टिपतो, गोष्ट खरीच सोपी झाली आहे. जाळ्याच्या आसाचं, म्हणजे डोळ्याचं, माप घ्यायला मात्र अजून कोणालातरी त्या बोटीवर चढावं लागतं.

आता प्रतिकृतीचं. 'लीला'च्या किंवा 'ऑस्प्रे'च्या मागे लागू नका, अंदाजाने काम कराल. मेरीलँडच्या शिडाच्या पोलिसी बोटींपैकी एक निवडा आणि बूड अशा बोटीची घ्या जिची मापं घेतलेली आहेत. स्कूनर करायची तर बाल्टिमोरची 'लेडी मेरीलँड' बघा, १९८६ मध्ये जुन्या पंगीच्या पद्धतीने बांधलेली. पंगीचे पारंपरिक रंगही तिच्यावर आहेत, फिका गुलाबी आणि बाटलीसारखा हिरवा. ओंडक्यांची बूड कोरायचा हात असेल तर 'एडना लॉकवुड'ची बगाय. ही दुसरी कठीण, पण नौकाबांधणी शिकणाऱ्याला तीच जास्त शिकवेल, कारण फळ्या लावून ती फसवता येत नाही. शिवणीचं किंवा हलकं सागाचं लाकूड घ्या, ओंडके वेगळे कापा, मधला आधी बसवा आणि दोन्ही बाजूंनी बाहेर जा. मग ड्रेज, रुळ आणि रहाट काढून टाका. त्या जागी डेकवर मोकळी जागा सोडा, पुढच्या डोलकाठीच्या मागे तोफ आणि तिच्याखाली वाढीव तुळया, पहिल्या मोजमापातच धरून. मधली फळी वरखाली होणारी करा, चिकटवू नका. आणि मागच्या बाजूला एक छोटी वल्ह्याची होडी नक्की टांगा. अशा कामाच्या बोटीचं चित्र काढताना बहुतेक जण तीच विसरतात, आणि तिच्याशिवाय समोरच्या बोटीवर कोणी जाऊ शकत नाही.